खिडकीबाहेरून शिकलेली बांधणी

झुरळ वाचलं आणि वही गेली, इथून या प्रकरणाला तोंड फुटलं.

वही रेकॉर्डकीपरांच्या बायकोची होती. बाई घरी शिवणकाम करत. बावीस वर्षांत ज्याच्या ज्याच्या अंगाला त्यांनी टेप लावली, त्याची छाती, कंबर, खांदा आणि बाही त्या जाडजूड वहीत नोंदलेली होती. गल्लीतलं कोण कोणत्या साली किती सुटलं याचा इतका पक्का पुरावा दुसरीकडे कुठेच नव्हता. त्यामुळे ती वही नीट राहावी असं बाईंना जितकं वाटे, तितकंच ती एकदाची हरवावी असं अर्ध्या गल्लीला वाटत असे.

त्या रविवारी शिवणाच्या टेबलावर झुरळ निघालं. रेकॉर्डकीपर शेजारीच पेपर वाचत बसले होते. पेपर मारायला हलका पडेल, असा पोक्त विचार करून त्यांनी जवळची वही उचलली आणि दोन्ही हातांनी हाणली. झुरळ टेबलाच्या फटीत शिरलं. वहीचा कणा मोडला, पुठ्ठे दोन दिशांना गेले आणि मधल्या पानांच्या घड्या जमिनीवर पसरल्या.

“पायात चप्पल होती ना?” बाईंनी विचारलं. त्या आरडाओरडा करत नसत. एकच प्रश्न विचारून गप्प बसत, आणि तो प्रश्न मग आठवडाभर रेकॉर्डकीपरांच्या डोक्यात फिरत राही.

पानांवर आकडे घातलेले होते म्हणून बरं. बाईंनी सगळं गोळा करून नाडीने बांधलं. “बाजारातल्या बाइंडरकडे द्या,” त्या म्हणाल्या. “आजपासून चौथ्या सोमवारी, दहा वाजता, बँडमास्तर येणार आहेत. सत्तावीस कोट आहेत बँडच्या पोरांचे. सगळ्यांची मापं यात आहेत. एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळतंय. एक पान इकडचं तिकडे होता कामा नये.”

इथे रेकॉर्डकीपर ‘बरं’ म्हणाले असते तर गोष्ट संपली असती. पण समोर मेहुणा बसला होता. दर रविवारी जेवायला येणारा हा इसम बहिणीसाठी येतो की बहिणीच्या नवऱ्याची फजिती बघायला येतो, याचा निर्णय अजून झालेला नव्हता.

“बाजारात कशाला? मी बांधतो,” रेकॉर्डकीपर म्हणाले.

“भावोजी, तुम्ही?” मेहुण्याने घास खाली ठेवला. “ताई, घड्याळ आठवतं का गं?”

घड्याळाचा विषय त्या घरात निघत नसे. “बांधलेल्या रजिस्टरांत मी एकतीस वर्षं काढली आहेत,” रेकॉर्डकीपर म्हणाले, “तुला काय कळणार!”

“एकतीस वर्षं लिफ्टनेही जाताय. उद्या लिफ्ट दुरुस्त कराल?”

झालं. आता वही ही वही राहिली नाही, अब्रू झाली. बाईंनी कानावरची पेन्सिल काढली, नाडी सोडून अगदी शेवटच्या पानावर काहीतरी टिपलं आणि गठ्ठा नवऱ्याच्या हाती दिला.

रेकॉर्डकीपरांचा शिक्षणाबद्दलचा सिद्धांत साधा होता. कुणाला काही विचारलं की आपल्याला येत नाही हे जाहीर होतं. नुसतं बघितलं की होत नाही. तेव्हा बघून शिकायचं. त्यांच्या कार्यालयात तळमजल्यावर बाइंडिंगची खोली होती आणि तिथे एक वयस्क बाइंडर सुटे कागद शिवून त्यांची रजिस्टरं करत असे. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डकीपर खुर्ची घेऊन त्या खोलीच्या दारात हजर झाले. बाइंडरने दारावरच्या परिपत्रकाकडे बोट दाखवलं. ‘या खोलीत बाइंडरखेरीज अन्य कोणीही थांबू नये.’ परिपत्रक अकरा वर्षांपूर्वीचं होतं आणि त्याचा मसुदा खुद्द रेकॉर्डकीपरांनी केलेला होता. भाषा त्यांना आजही चोख वाटली. पळवाट म्हणून एकही ठेवलेली नव्हती.

मग अर्ज आला. ‘बाइंडिंग कामाचे निरीक्षण करण्यास परवानगी मिळणेबाबत.’ तो तीन टेबलांवरून फिरून शेरा घेऊन परत आला : निरीक्षण फक्त निरीक्षकांना करता येते. रेकॉर्डकीपरांनी शब्द बदलून ‘अवलोकन’ केलं. त्यावर साहेबांनी बोलावून घेतलं.

“अवलोकन म्हणजे नक्की काय करणार तुम्ही?”

“बघणार, साहेब.”

“किती वेळ?”

“शिकेपर्यंत.”

साहेबांनी बराच विचार केला. या गृहस्थाला निवृत्तीनंतर दुकान काढायचं असावं, असा संशय त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. अखेर आठव्या दिवशी परवानगी मिळाली : जेवणाच्या सुट्टीत, खोलीबाहेरून, रजिस्टरं देण्याघेण्याच्या खिडकीतून. खुर्ची नेता येणार नाही, कारण ती दुसऱ्या विभागाच्या यादीवर आहे.

अशा रीतीने रेकॉर्डकीपरांचं शिक्षण उभ्याने सुरू झालं. सुट्टीत कुणी त्रास द्यायला येत नाही म्हणून बाइंडर आधीच जेवून घेई आणि नेमका त्याच वेळी काम करी. खिडकीच्या आत तो टेबलाशी बसलेला, तोंड खिडकीकडे. खिडकीच्या बाहेर रेकॉर्डकीपर, तोंड बाइंडरकडे. दोघांच्या मधे गज. येणाराजाणारा थबकून बघे आणि यातला नेमका आत कोण आहे याचा अंदाज घेत पुढे जाई.

रेकॉर्डकीपरांनी नोंदवही आखली. रकाने चार : अनुक्रमांक, वेळ, कृती, शेरा. त्यातल्या काही नोंदी अशा होत्या. ‘एक दहा : कागदाचा गठ्ठा टेबलावर तीनदा आपटणे. एक बारा : दाभणाने उजव्या कडेला पाच भोके. एक पंधरा : दोऱ्याला मेण. एक सोळा : सुई डोक्यात घासणे. एक सतरा : खोकला.’ खोकल्यापुढे ‘आवश्यक की ऐच्छिक?’ असा शेरा होता. ‘उजव्या कडेला’ हे शब्द त्यांनी दोनदा अधोरेखित केले, कारण तपशिलाच्या बाबतीत ते कुणाला ऐकणारे नव्हते.

बाइंडर काम करताना बोलत नसे. पण चौथ्या दिवशी सुई अर्ध्यात थांबवून तो म्हणाला, “साहेब, बघणाऱ्याच्या बाजूनं बघू नका. करणाऱ्याच्या बाजूनं बघा.”

रेकॉर्डकीपर हेलावले. एवढ्याशा खोलीत बसणाऱ्या माणसाच्या तोंडी इतका खोल विचार! त्यांनी तो नोंदवहीच्या मागच्या कव्हरवर सुवाच्य अक्षरात उतरवला आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या सुविचाराच्या फळ्यावर लिहिला. साहेबांनाही तो आवडला. त्याचा प्रत्यक्ष कामाशी काही संबंध असेल अशी शंका कुणालाच आली नाही, कारण सुविचाराचा कामाशी संबंध असल्याचं त्या कार्यालयात कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

घरी सराव सुरू झाला. कोरे कागद आणून रेकॉर्डकीपरांनी एकामागून एक सहा वह्या बांधल्या. पहिली उघडेना, दुसरी मिटेना. तिसरी शिवताना त्यांनी नोंदीप्रमाणे सुई डोक्यात घासली. बाइंडरच्या डोक्यावर दाट, तेल लावलेले केस होते आणि त्या तेलाने सुई सुळकन कागदातून जाई. रेकॉर्डकीपरांच्या डोक्यावर तशी काही सोय नव्हती. टाळूवर लांबलचक ओरखडा उठला. तो लपवायला त्यांनी घरात टोपी घातली, आणि घरात टोपी का, हे गल्लीने विचारलं. दोन दिवसांत सगळ्यांना सगळं कळलं.

बाई पलीकडच्या टेबलाशी काजं करत हे बघत होत्या. एकदा न राहवून म्हणाल्या, “गाठ अशी नाही मारत. इकडे या, दाखवते.”

“हे बाइंडिंग आहे,” रेकॉर्डकीपर म्हणाले. “शिवण नव्हे.”

बाईंनी पुन्हा काजात सुई घातली. त्या घरात बावीस वर्षं रोज सुईदोरा चालत होता. तो मात्र रेकॉर्डकीपरांनी कधी बघितला नव्हता. बघण्यासाठी ते अर्ज करून तळमजल्यावर जात होते.

सहावी वही मात्र देखणी झाली. नीट उघडत होती, नीट मिटत होती. पण कोऱ्या वहीला पुढचं आणि मागचं सारखंच असतं, ही गोष्ट तेव्हा कुणाच्याच ध्यानात आली नाही.

आता खरी वही घ्यायची. तोवर बातमी वरच्या मजल्यावर पोचली होती आणि तिथले निवृत्त ओव्हरसियर स्टीलची लांब पट्टी घेऊन खाली उतरले. त्यांनी आयुष्यभर रस्ते आखले होते आणि जगात जे जे वाकडं आहे ते आपल्या निवृत्तीनंतर झालं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

“आधी चारी बाजू एका रेषेत आणा,” ते म्हणाले. “या घड्यांच्या पाठी बघा कशा फाटल्यात. उडवून टाका. पाया सरळ नसेल तर इमारत उभी राहत नाही.”

रेकॉर्डकीपर कचरले. पण ओव्हरसियरांनी पट्टी टेकवली, धारदार सुरी चालवली, आणि जी पानं निदान जोडीजोडीने एकमेकांना धरून होती ती सगळी सुटी झाली. चारी कडा मात्र अशा सरळ झाल्या की कुठली बाजू कण्याची आणि कुठली उघडायची, हे आता पानांनाही सांगता आलं नसतं.

“सुटी पानं?” बाई स्वयंपाकघरातून येऊन म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच थोडा चढला होता. “अहो, सत्तावीस पोरांचे कोट आहेत त्यात. सोमवार परवावर आलाय.”

“बाइंडर सुटी पानंच बांधतो,” रेकॉर्डकीपर म्हणाले. म्हणाले खरे, पण त्यांना घड्याळ आठवलं. त्याचेही भाग सुटे होईपर्यंत सगळं नीट चाललं होतं.

मग पुठ्ठे चिकटवायची खळ. खळ पांढरी असते आणि वाटीत असते, एवढंच खिडकीतून दिसलं होतं. खालच्या मजल्यावरच्या कंपाउंडरने सल्ला दिला की मैदा शिजवा आणि कीड लागू नये म्हणून त्यात लवंगेचं तेल घाला. किती, ते सांगायला तो विसरला. रेकॉर्डकीपरांनी अख्खी बाटली घातली. सगळ्या घराला दाढ काढल्यासारखा वास येऊ लागला. ओव्हरसियरांच्या सूनबाईंनी खिडकी लावून घेतली आणि एक गिऱ्हाईक ब्लाउजचं माप न देताच निघून गेलं.

शनिवारी दुपारी रेकॉर्डकीपरांनी दार लावून घेतलं. टेबलावर पानं, दाभण, मेणाचा दोरा आणि नोंदवही. पानांच्या कोपऱ्यातले आकडे बघून त्यांनी क्रम लावला. आकड्यांखेरीज काही वाचलं नाही. कागद सांभाळायचा, वाचायचा नाही, या तत्त्वावर त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली होती आणि म्हणूनच ती टिकली होती.

दाभण उजव्या कडेवर टेकवताना त्यांचा हात क्षणभर अडला. काहीतरी वेगळं वाटत होतं. त्यांनी नोंदवही बघितली. ‘उजव्या कडेला’, खाली दोन रेघा. लेखी आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला. त्यांनी भोकं पाडली. दोरा ओवला, ओढला, परत ओवला. कुठेही घाई केली नाही. सातव्या टाक्यानंतर खोकलेसुद्धा, कारण ते ऐच्छिक असल्याचं अद्याप सिद्ध झालं नव्हतं. गाठ मारताना ती दोनदा सुटली. तेव्हा त्यांनी दाराकडे एकदा बघितलं, मग बाईंचा हात काजाच्या शेवटी कसा वळतो ते आठवण्याचा प्रयत्न केला. पुरतं आठवलं नाही. जेवढं आठवलं तेवढ्यावर गाठ बसली. ही गोष्ट त्यांनी नोंदवहीत लिहिली नाही.

रविवारी पुठ्ठे चिकटवून झाल्यावर वजन ठेवायची वेळ आली. बाइंडरकडे लोखंडी दाब होता. इथे मेहुणा होता. वहीवर पाट ठेवून त्याला त्यावर दोन तास पेपर वाचत बसवलं. मेहुण्याच्या वजनाचा या संसाराला झालेला हा पहिलाच उपयोग होता, असं रेकॉर्डकीपर म्हणाले, आणि त्यांना आठवडाभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

सोमवारी त्यांनी रजा टाकली. दहाला बँडमास्तर आले. वीस वर्षं ढोलांवर आवाज चढवून बोलल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे. ओव्हरसियर पट्टीसकट आले, कंपाउंडर डोकावला, मेहुणा तर मुक्कामालाच होता. टेबलावर कोटाचं कापड उलगडलेलं होतं. रेकॉर्डकीपरांनी वही जुन्या टॉवेलातून काढली आणि दोन्ही हातांनी बायकोसमोर ठेवली. पुठ्ठा ताठ, कडा सरळ, कोपरे काटकोनात. ओव्हरसियर “वा!” म्हणाले. मग रेकॉर्डकीपर टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले. पाहुण्यांकडे न बघता बसायला त्यांना बरेच कष्ट पडले.

बाईंनी वही समोर घेतली, कणा डावीकडे ठेवून पुठ्ठा उघडला आणि चटकन मिटला. पण बँडमास्तर त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. सत्तावीस कोटांची यादी म्हणून त्यांनी पुठ्ठा पुन्हा उघडला आणि वाचायला लागलेसुद्धा.

“इस्त्री. यांनी उघडली. विजेच्या दुकानदाराने मिटवली. पुढे फोन नंबर आहे. नळ. यांनी घट्ट केला. प्लंबर दोनदा आला. नंबर. भिंतीतली फळी. यांनी ठोकली. सुतार. मग गवंडी. दोघांचे नंबर. घड्याळ. यांनी साफ केलं.” बँडमास्तर थांबले. “याच्यापुढे काहीच नाही.”

वह्यांच्या मागच्या पानावर माणसं काय काय लिहितात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. आकडेमोड, पत्ते, कुणाला दाखवायचं नाही ते. बाईंनीही बावीस वर्षं शेवटच्या पानापासून उलट येत तेच केलं होतं. रेकॉर्डकीपरांनी उजव्या कडेने टाके घातल्यामुळे शेवटचं पान पहिलं झालं होतं. यापुढे माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकासमोर वही उघडली की आधी इस्त्री निघणार होती.

बँडमास्तरांना अर्धवट काही ठेवायची सवय नव्हती. “खाली पेन्सिलीने आहे. वही. यांनी. आणि इथे बाइंडरचा नंबर.”

मेहुणा हसायचा थांबला तेव्हा ओव्हरसियर पट्टीचे इंच मोजत होते. रेकॉर्डकीपर बसल्या जागी लाल झाले. नंबर तीन आठवड्यांपूर्वीच लिहून ठेवलेला होता. वही त्यांच्या हाती यायच्याही आधी. खिडकी, तो बाइंडर, ते गज डोळ्यांसमोर आले आणि सुविचाराचा अर्थ त्यांना आता लागला. आपण समोर उभे होतो. त्याचं डावं ते आपलं उजवं.

“उलटी बांधली गेली,” ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. “सोडून टाकतो. बाइंडरकडेच जाऊ दे.” आणि वही घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

“थांबा,” बाई म्हणाल्या.

नेमकं त्याच वेळी टेबलाच्या फटीतून झुरळ बाहेर आलं. लवंगेच्या वासाने बेजार झालं असावं. ते सरळ कोटाच्या नव्या कापडावर चढलं. बँडमास्तर मोठ्याने ओरडले. पायात चप्पल होती की नव्हती याचा विचार न करता बाईंनी हातातली वही मिटली आणि हाणली. एकदा. मग खात्रीसाठी आणखी एकदा, जास्त जोरात.

या खेपेला झुरळ मेलं.

सगळे वहीकडे बघत होते. बाईंनी ती उचलली, पुठ्ठ्याला धरून हवेत उलटी टांगली आणि झटकली. एकही पान सुटलं नाही. त्यांनी एक पान चिमटीत धरून ओढून बघितलं. मग दुसरं. मग कण्यापाशी बोट नेऊन गाठ चाचपली आणि त्या जराशा थबकल्या. ती गाठ कुणाची आहे हे त्यांच्या बोटांना कळलं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. रेकॉर्डकीपर टोपी हातात घेऊन तिच्याकडे बघत होते.

“मापं मागून सुरू होतात, एवढंच ना,” बाई म्हणाल्या. “मागून उघडीन.” त्यांनी वही पालथी करून कोटांचं पान काढलं, बँडमास्तरांसमोर ठेवलं आणि सत्तावीस पोरं ओळीने मोजून घेतली. एकही कमी नव्हतं.

मग त्यांनी वही पुन्हा पालथी केली, कानावरची पेन्सिल काढली, फोनच्या नंबरावर आडवी रेघ मारली आणि पुढे काहीतरी लिहिलं.

रेकॉर्डकीपरांनी समोरूनच मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं उलटी दिसत होती. काही अंदाज लागेना. चौघांच्या देखत उठावं की नाही याचा त्यांनी थोडा विचार केला. मग उठले, टेबलाला वळसा घालून बायकोच्या बाजूला आले आणि तिच्या खांद्यामागे उभं राहून त्यांनी वाचलं.

‘वही. यांनी बांधली. कुणाला बोलवावं लागलं नाही.’